कुठल्या होडीचे उंदीर?

या, जरा पुढे सरकून बसा. दारात उभं राहून ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही. तुम्हा पेपर वाचणाऱ्यांची खोड मला माहीत आहे हो. पुरवणी उघडायची, गेलेल्या माणसाचं नाव बघायचं, 'आपल्या ओळखीचा नाही' म्हणून पान उलटायचं आणि दुपारी त्याच पानावर भुईमुगाच्या शेंगा सोलायच्या. आज तेवढं करू नका. सदानंद तांडेल हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, पण तुमच्या फळीवरची एखादी औषधाची बाटली त्यांच्या हाताखालून गेलेली असेल. ते अंधेरीच्या एका औषध कंपनीत ॲनिमल हाऊस सांभाळायचे, म्हणजे औषध माणसाला देण्याआधी ज्या उंदरांना आणि सशांना देऊन बघतात, त्यांची खोली. आणि मी, मरोळच्या बैठ्या चाळीतली चौथी शिकलेली बाई, त्यांना पांढरे उंदीर पुरवायची. हसलात ना? हसा. आमच्या चाळीतही सगळे हसायचे.

ते गेल्याचं मला मासेवालीकडून कळलं. आमच्या गल्लीत वेसाव्याची हिरा येते पाटी घेऊन. त्या दिवशी बोंबील निवडता निवडता म्हणाली, "वहिनी, तुमचा तो उंदीरवाला सायेब गेला ना. आज तेरा दिस झालं." माझ्या हातातला बोंबील पाटीत परत पडला. तेरा दिवस! हा माणूस माझ्या पडवीत महिन्यातून दोनदा येऊन भुश्यात हात घालून बसायचा, आणि तो गेल्याचं मला तेरा दिवसांनी, तेही मासे घेताना कळावं… रेखा, त्यांची लेक गं तू, तू हे वाचत असलीस तर ऐक. रागावलेय मी तुझ्यावर. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे फोन आहे, नंबर तुझ्या बाबांच्या डायरीत होता. एक हाक मारायचीस. पण मग वाटतं, कुठल्या तोंडाने रागावू? तुला माहीत नसलेलं एक मला माहीत आहे, आणि तेच सांगायला आज बसलेय.

आमचे हे गिरणीत होते. संप झाला, लांबला, आणि हे घरी बसले. शेजारचा एकजण त्या कंपनीत झाडूकामाला होता. तो म्हणाला, काकी, आमच्याकडे पांढरे उंदीर लागतात, पाळशील का? मी आधी "शी!" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी हो म्हटलं. मागच्या पडवीत फळ्या ठोकल्या, पिंजरे मांडले. आणि एका सकाळी तांडेल साहेब बघायला आले. काळेसावळे, उंच, शर्टाच्या खिशात दोन पेनं, पायात रबरी चपला. चहा नको म्हणाले, पाणीही नको. सरळ पडवीत जाऊन उकिडवे बसले, पिंजऱ्याला नाक लावून हुंगलं आणि विचारलं, "वहिनी, ह्यांची होडी कुठली?"

मला वाटलं, माणूस ठार वेडा आहे. मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांची आई वेसाव्याच्या बंदरावर मासळी विकायची. तिचा एक नेम होता, ज्या म्हावऱ्याची होडी ठाऊक नाही ते पाटीत घ्यायचं नाही. कुणी आणलं, कधी आणलं, बर्फात किती पडून होतं, सगळं विचारायची आणि मगच हात लावायची. "आमची आई पापलेटाला विचारते ते आम्ही उंदराला विचारत नाही, वहिनी," ते म्हणाले. "कुणीतरी गोणीत घालून आणतो, आम्ही मोजून घेतो. आई कुठली, बाप कुठला, काय खाल्लं, आजारी होता का… काही ठाऊक नाही. आणि त्याच्यावर औषध तपासून आम्ही सांगतो की हे तुमच्या पोराला द्या." मग पिशवीतून दोनशे पानी वही काढून माझ्यासमोर ठेवली. कोण कधी जन्मलं, कोणाच्या पोटी, कधी आईपासून वेगळं केलं, कधी मेलं, सगळं लिहायचं. मी म्हटलं, अहो, मला सही सोडून काही लिहायची सवय नाही. तर म्हणाले, "मग होईल."

झाली खरी. सुरुवातीला मी लिहायची, 'उंदीर मेला.' ते वही बघायचे आणि शेजारी पेन्सिलीने लिहायचे, 'कसा?' मग मी लिहायची, 'सकाळी मेला.' परत, 'कसा?' असं करता करता मी लिहायला लागले की रात्रीपासून खात नव्हता, कोपऱ्यात फुगून बसला होता, बाकीचे त्याच्या अंगावर पाय देऊन जात होते. त्यावर पेन्सिलीने फक्त एक बरोबरची खूण. आज ही चार अक्षरं मी जोडते आहे ती त्या खुणेच्या जोरावर. शाळेने मला अक्षरं दिली, पण नुसतं 'मेला' लिहून थांबायचं नाही हे त्यांनी शिकवलं.

पिंजरा हातात कसा धरायचा इथपासून त्यांनी धडे दिले. एका पिंजऱ्यात बारांच्या वर नाहीत. भुसा वखारीतून आणायचा तो उन्हात वाळवून. पाण्याची बाटली उलटी टांगायची, तिची काचेची नळी पिंजऱ्यात उतरते, आणि ती नळी आणि भुसा यांच्यात दोन बोटं अंतर. "भुसा नळीला टेकला की सगळं पाणी शोषून घेतो वहिनी, बाटली रिकामी आणि खाली चिखल. दोन बोटं म्हणजे दोन बोटं." दर खेपेला स्वतःची दोन बोटं घालून बघायचे. आमचे हे त्यांच्या माघारी म्हणायचे, "ह्या घरात माणसांपेक्षा उंदरांचो थाट जास्त." कंपनीतले लोक तर तोंडावर बोलायचे. "काय तांडेल, रेशनकार्ड कधी काढतोस उंदरांचं?" साहेब स्वतःच येऊन मला सांगायचे आणि हसायचे. पण मग पिंजऱ्याकडे वळायचे. म्हणायचे, प्रयोग करणाऱ्याला नियम आहेत, परवानगी आहे, समिती आहे. पण पकडून आणणाऱ्याला, पैदास करणाऱ्याला कोण विचारतं? कुणी रस्त्यावरची कुत्री आणतो, कुणी विहिरीतले बेडूक, कुणी कुठले ससे. त्याचा दरवाजा उघडून आत कोणी बघत नाही. सरकारला त्यांनी किती पत्रं लिहिली त्याची गणतीच नाही. उत्तर आलं की घडी न मोडता मला दाखवायला आणायचे. 'आपले पत्र मिळाले.' बस, तेवढंच असायचं त्यात.

एकदा मी विचारलंच, साहेब, शेवटी मारायचेच ना हे, मग एवढं कशाला? तर म्हणाले, "आम्ही कोळी, वहिनी. मारण्याचं मला सांगू नका, त्यावरच वाढलो. पण आमच्याकडे नारळी पुनवेला दर्याला नारळ देतात. घेतो त्याला ओळखतो, एवढंच त्यात असतं. ह्या बिचाऱ्यांना कोणी ओळखतच नाही."

त्यांनी माझं एक ऐकलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आमच्याकडे गौरीगणपती असतात पाच दिवस. पहिल्याच वर्षी मी सांगून टाकलं, गणपती घरात असताना मी उंदीर घराबाहेर देणार नाही. बाप्पाचं वाहन ते. तो पाटावर बसलेला आणि मी त्याचं वाहन डब्यात घालून पाठवू? दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बाई, दुसरीकडून घेतो. साहेबांनी कंपनीच्या कॅलेंडरवर त्या पाच दिवसांना गोल केला. तिथले डॉक्टर कुरकुरले म्हणे. साहेब म्हणाले, "ती बाई जे मानते ते पाळते, म्हणून वहीत जे लिहिते तेही खरं असतं."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. माझ्या तर काळजात रुतून बसलंय.

दोनतीन वर्षं अशी गेली. मग साहेबांनी कंपनीच्या समितीपुढे एक नियम मांडला, ज्याच्याकडे जन्माची वही आहे त्याच्याकडूनच जनावर घ्यायचं, गोणीवाल्यांना दरवाजा बंद. नमुना म्हणून माझी वही दाखवली. समितीने मान डोलावली, म्हणाली, करून बघू. गणपतीनंतर लगेच एका मोठ्या कामाला साठ उंदीर हवे होते, सगळे सहा आठवड्यांचे, सगळे वहीतले. माझ्याकडे बरोबर साठ होते. पाच पिंजरे, बारा बारा. जाताना साहेब म्हणाले, "वहिनी, ह्या साठांवर माझा नियम उभा आहे बरं का." मी म्हटलं, निर्धास्त जा.

त्या वर्षी पहिल्यांदाच गावाकडचे लोक आमच्याकडे गणपतीला आले. नणंद, तिचे सासरचे, पाच दिवस घर भरलेलं. पडवीत पाय ठेवला की वास यायचा. नणंदेने पहिल्याच दिवशी नाकाला पदर लावला. मला मेलीला लाज वाटली. गणपतीत घराला वास नको म्हणून मी दाराजवळच्या दोन पिंजऱ्यांत कोरडा भुसा ओतला, भरपूर, वरपर्यंत. पाणी भरलं आणि दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी दार किलकिलं करून प्रत्येक पिंजऱ्यात मोदकाचा तुकडा टाकला, हात जोडले आणि पळाले, कारण चुलीवर दूध होतं. बोटं घातली नाहीत. दोन बोटं… तेवढीच घालायची होती. तिसऱ्या दिवशी गौरी आल्या, मग जेवणं, मग फुगड्या. विसर्जनाच्या दिवशी सकाळी बाप्पाला निरोपाचा नैवेद्य दाखवला आणि उंदरांचा खाऊ घेऊन पडवीत गेले. तीन पिंजरे पायांचा आवाज ऐकून खडबडले. दाराजवळचे दोन गप्प होते.

कसे गेले ते आज लिहिते साहेब, नुसतं 'मेले' नाही लिहीत. भुसा नळीला टेकला होता. बाटल्या कोरड्या ठणठणीत आणि खाली सगळा गारठलेला लगदा. चोवीसच्या चोवीस एकमेकांच्या अंगावर चढून नळीच्या खाली गोळा झाले होते. सगळ्यात वरच्याचं तोंड नळीला लागलेलं होतं. मोदकाचे तुकडे तसेच होते. तहानेने कोण खातंय? बाहेरच्या खोलीत आरती चालली होती. बाप्पा घरात पाटावर, आणि त्याचं वाहन माझ्या पडवीत तहानेने मेलं. ह्यांना खुणेने बोलावलं. त्यांनी शेवग्याखाली खड्डा केला.

तेव्हाच वाण्याकडे जाऊन फोन केला असता तर साहेब रागावले असते, नियम पुढे ढकलला गेला असता, आणि आज ही कहाणीच झाली नसती. पण मला ते शेवटचं वाक्य आठवत होतं. ह्या साठांवर नियम उभा आहे. आणि खरं सांगू? नियमापेक्षा मला माझी लाज मोठी वाटली. गणपतीत उंदीर देणार नाही म्हणून मिरवणारी बाई, आणि तिच्याच घरात… हे तोंडाने कसं सांगायचं? दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले आणि मी रिकामा डबा घेऊन गोवंडीला गेले. तिथे एक माणूस उंदीर विकायचा. एका पेटीत शंभरेक कोंबलेले, कुठले, कुणाचे, त्यालाही ठाऊक नसेल. मी चोवीस निवडले, साधारण त्याच मापाचे. घरी आणून त्यांच्या पाठीवर पिवळा ठिपका दिला, माझ्या घरी जन्मलेल्यांची ती खूण असायची. आणि वहीत काही लिहिलंच नाही. मेलेल्यांच्या जन्मतारखा तिथे होत्याच. त्या मी जिवंतांना देऊन टाकल्या. हे दारात उभे राहून बघत होते. एवढंच म्हणाले, "गो, ह्या बरा न्हय."

पंधरा दिवसांत कंपनीच्या खोलीत उंदीर आजारी पडायला लागले. पाय सुजले, डोळे चिकटले, शेपटीला फोड आले. एका फळीवरून दुसऱ्या फळीवर, मग सगळी खोली. शेवटी समितीने हुकूम दिला आणि अख्खं ॲनिमल हाऊस रिकामं केलं. शेकड्याने होते. मारून जाळावे लागले, आणि ते काम साहेबांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. हाताला फिनाइलचा वास येत होता. त्या दिवशी पहिल्यांदा पाणी मागितलं. प्याले आणि म्हणाले, "वहिनी, समितीला वाटतं रोग बाहेरून आला, तुमच्या साठांतून. मला फक्त एकदा सांगा. साठही घरचे होते ना?"

माझ्याकडे बघत होते. रागाने नाही हो, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "घरचेच. वहीत आहे ना सगळं."

त्यांनी मान हलवली. "मग झालं. मग चूक माझ्या खोलीत आहे."

आणि तसंच समितीला लिहून दिलं. पुरवठा चोख होता, वही बघा, स्वच्छतेत हयगय झाली आणि ती माझी. म्हणजे वहीचा नियम राहिला, साहेबांची जागा गेली. नोकरी गेली नाही, पण ॲनिमल हाऊस काढून घेतलं आणि गोदामात बसवलं, बाटल्यांची खोकी मोजायला. समजतंय का तुम्हाला? मी खरं बोलले असते तर त्यांचं म्हणणंच खरं ठरलं असतं. होडी ठाऊक नसलेले चोवीस आत गेले आणि त्यांनी खोली संपवली, हेच तर ते सगळ्यांना घसा फोडून सांगत होते! त्यांच्या नियमाला याहून मोठा पुरावा नव्हता, आणि तो मी शेवग्याखाली पुरून टाकला.

पुढची पाच वर्षं ते गणपतीला येत राहिले. बाप्पापुढे नारळ ठेवायचे आणि सवयीने पडवीत डोकवायचे. आता तपासायला दुसरा माणूस यायचा, तरी दोन बोटं घालूनच बघायचे. "वही चालू आहे ना?" मी हो म्हणायची. दर वर्षी वाटायचं, यंदा सांगू. हे आतून म्हणायचे, "सांग गो तेंका." आणि मी करंज्यांचं ताट पुढे करायची.

शेवटचे भेटले ते यंदाच्या होळीनंतर, वेसाव्याला त्यांच्या घरी. दम लागत होता, खाटेवर उशाला टेकून बसले होते. खिडकीतून वाळत घातलेले बोंबील दिसत होते. रेखा, तू आत चहा टाकत होतीस. ते हळूच म्हणाले, "वहिनी, अजून डोक्यात तेच फिरतं हो. कुठे चुकलो असेन? बाटल्या उकळल्या होत्या. भुसा भाजला होता. पाय धुतल्याशिवाय कुणाला आत सोडलं नाही. रोज एकदा तरी ती खोली मनात झाडून काढतो, दारापासून शेवटच्या फळीपर्यंत. सापडत नाही."

चूक त्यांच्या समोर बसली होती, स्टुलावर, हातात मोसंबीची पिशवी धरून. आणि ती काय म्हणाली माहीत आहे? "जाऊ द्या हो साहेब. नशीब असतं एकेकाचं." नशीब! त्यांनी डोळे मिटले. तू चहा घेऊन आलीस. मी प्याले आणि उठले…

हिराने सांगितलं त्या दुपारी मी फळीवरून ती वही काढली. ते पान सापडायला वेळ लागला नाही, माझा हात तिथेच जातो. चोवीस नावांवर, नावं म्हणजे आकडेच हो, लाल पेनाने रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'हे तहानेने मेले. भुसा नळीला टेकला. मी बोटं घातली नाहीत.' खाली लिहिलं, 'कंपनीत गेलेले चोवीस गोवंडीचे. होडी ठाऊक नाही. रोग यांच्यातून गेला असणार. तांडेल साहेबांची खोली स्वच्छ होती.' आणि सही केली. लिहून झाल्यावर कडेला बघत बसले, पेन्सिलीची खूण होते का म्हणून. वेडेपणाच तो.

पडवीत अजून तीन पिंजरे आहेत. वय झालं, फार पाळवत नाहीत. पण सकाळी दात घासायच्या आधी मी दोन बोटं घालून येते, नळी आणि भुसा यांच्या मधे. त्यांची बोटं लांब होती, माझी आखूड आहेत, म्हणून मी अंतर थोडं जास्तच ठेवते.

कंपनीतलं कोणी हे वाचत असेल तर या, पान बघून जा, हवं तर फाडून फायलीला लावा. पण वही मिळेल ती रेखालाच. रेखा, तुझ्या बाबांना सापडलं नाही ते तिच्यात आहे. तू मला काय बोलायचं ते बोल, मी दार लावणार नाही. पण ये गं. गणपती यायच्या आत ये. यंदा तरी तो बसायच्या आधी ही वही माझ्या घरातून तुझ्या हातात जाऊ दे. शेवग्याचं झाड विचारलंस की चाळीत कोणीही घर दाखवेल. लवकर ये.